इतिहासाची असाइनमेंट आणि रात्रीची रँक मॅच: दोन्ही दहा दिवसांत बसवण्याचा क्रम

सेमिस्टर कुठलंही असो, बडोद्यात इतिहास घेतलेल्या मुलांची असाइनमेंट एकाच पद्धतीनं रखडते. विषय मिळतो. लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं घरी येतात आणि टेबलावर पडून राहतात. रोज जेवण झालं की 'एकच मॅच' होते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता पिलाजीराव गायकवाडांपासून निबंध सुरू होतो. घरचे म्हणतात, गेममुळे झालं. ते अर्धंच खरं आहे. गेममध्ये पुढच्या मिनिटाला काय करायचं ते समोर दिसत असतं, आणि असाइनमेंटच्या बाबतीत डोक्यात फक्त 'आज बसायचंय' एवढंच असतं. कुठं बसायचं, काय उघडायचं, कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची, काहीच ठरलेलं नसतं. मग हात फोनकडे जातो.

म्हणून खाली सगळा भर कामाच्या क्रमावर आहे. गेम सोडून द्या असा सल्ला यात नाही. तो सल्ला तुम्हाला घरी फुकट मिळतोच.

हिशोबासाठी धरून चाललोय की निबंध १५०० शब्दांचा आहे, हातात दहा दिवस आहेत आणि कॉलेज चालू आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत वापरतो: "मल्हारराव गायकवाडांची पदच्युती विषप्रयोगाच्या प्रकरणामुळे झाली. या विधानाची चिकित्सा करा."

## सुरुवातीआधी: हाताशी काय हवं

प्रश्नाची मूळ शब्दरचना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला प्रश्न नको, सरांनी किंवा मॅडमनी दिलेला हवा. ग्रुपवर येईपर्यंत "चिकित्सा करा"चं "माहिती लिहा" झालेलं असतं, आणि तिथंच निम्मे मार्क जातात. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं उतरवून घ्या.

चार चौकशा. शब्दमर्यादा किती? हातानं लिहायचं की टाइप करून? संदर्भ कुठल्या पद्धतीनं द्यायचे? उशीर झाला तर मार्क कापतात की घेतच नाहीत? हे वर्गातच विचारा. "मंगळवारपर्यंत चालेल म्हणे" या वाक्यातल्या 'म्हणे'वर विसंबून बरीच मुलं बुडाली आहेत.

भाषा. आपल्यातल्या बहुतेकांची गोष्ट अशी की घरी मराठी, मित्रांत गुजराती, आणि निबंध इंग्रजीत किंवा गुजरातीत. विचार आणि आराखडा मराठीत करा, अगदी बिनधास्त. पण अख्खा निबंध मराठीत लिहून मग भाषांतर करत बसू नका. वेळ दुप्पट जातो आणि वाक्यं लंगडी होतात. त्याऐवजी सुरुवातीलाच पंधरा-वीस शब्दांची यादी करा: पदच्युती, खलिता, जाहीरनामा, गैरकारभार, दत्तकविधान. जी भाषा लिहायची आहे तिच्यात यांना काय म्हणतात ते समोर लिहून ठेवा.

गेमचं खरं माप. तुमच्या गेमची एक मॅच लॉबीत शिरल्यापासून निकालाच्या स्क्रीनपर्यंत किती मिनिटं घेते, ते घड्याळ लावून मोजा. मनानं ठरवू नका. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) मध्ये एरँगलच्या मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास जातोच. व्हॅलोरंटमध्ये तेरा राउंड जिंकेपर्यंत सुटका नाही, आणि सामना अटीतटीचा झाला तर पाऊण तासही होतो. हा आकडा तिसऱ्या टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा १: प्रश्न फोडा (पहिला दिवस, एक तास)

पुस्तक उघडण्याआधी करायचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त मुलं हेच गाळतात.

वरच्या प्रश्नात दोन दावे एकमेकांत गुंतवलेले आहेत. एक, विषप्रयोगाचं प्रकरण घडलं. दोन, पदच्युती *त्यामुळे* झाली. पहिल्याबद्दल माहिती लागते, दुसऱ्याबद्दल युक्तिवाद. मार्क बहुतेक दुसऱ्याला असतात, आणि पानं बहुतेक पहिल्यावर खर्च होतात.

आता घटनाक्रम एका कागदावर मांडा. साध्या क्रमिक पुस्तकातूनही एवढं निघतं:

- १८७० मध्ये बडोद्याचे महाराज खंडेराव वारले, मल्हारराव गादीवर आले.
- १८७३ मध्ये कारभाराबद्दलच्या तक्रारी तपासायला कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं गेलं. पुढं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली.
- १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्याशी दरबाराचं पटेना.
- ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली.
- चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तिघे इंग्रज सदस्य आरोप सिद्ध झाला म्हणाले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव या तिघांनी तसं मानलं नाही.
- एप्रिल १८७५ मध्ये पदच्युतीचा जाहीरनामा निघाला. त्यात कारण दिलं गैरकारभाराचं. कमिशनच्या निकालावर तो उभा नव्हता.

कागदाकडे नीट पाहिलंत तर गाठ कुठं आहे ते लक्षात येईल. जाहीरनामा गैरकारभाराचं नाव घेतो. पण गैरकारभारासाठी दिलेली मुदत तर डिसेंबरपर्यंत होती. मग एप्रिलमध्येच का? (मुदत मिळूनही ती पुरी न होण्याचं दुःख आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका.) इथं तुमचा निबंध जन्माला येतो. कारण जुनं, पण *वेळ* ठरवली ती विषप्रकरणानं, असं एक कच्चं उत्तर तयार झालं. ते चुकीचं ठरलं तरी चालेल. वाचताना बदलता येतं. मात्र ते आत्ताच, वाचनाआधी, दोन ओळींत लिहून ठेवा.

तपासणी: इतिहासाशी काही देणंघेणं नसलेल्या मित्राला तुमचं उत्तर दोन वाक्यांत सांगता येतं का? सांगताना "म्हणजे त्याचं असं आहे की" असं तीनदा म्हणावं लागलं, तर प्रश्न अजून फुटलेला नाही.

नेहमीची चूक: पार्श्वभूमी म्हणून पिलाजीराव, दमाजीराव, मग पानिपत. १८७५ च्या प्रश्नाला १७२१ पासून सुरुवात करायची गरज नसते. मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफा उधळपट्टीचा पुरावा म्हणून एका वाक्यात येऊ शकतात. त्यांच्यावर अर्धं पान खर्च करू नका, कितीही मोह झाला तरी.

## टप्पा २: तारखा शेवटाकडून मांडा

कॅलेंडर घ्या आणि सबमिशनच्या तारखेपासून मागं या.

दहावा दिवस फक्त प्रिंट आणि सबमिशनचा. नवव्या दिवशी दुसरं वाचन आणि संदर्भ. आठव्या दिवशी शेवटचा परिच्छेद, प्रस्तावना आणि समारोप. सातवा आणि सहावा मधल्या परिच्छेदांसाठी. पाचव्या दिवशी आराखडा. चौथा, तिसरा, दुसरा वाचनाचे. पहिला प्रश्नाचा, तो झालाच आहे.

वाचनाला तीनच दिवस दिलेत याची नोंद घ्या. मुलं इथं हमखास भांडतात: "एवढ्यात कसं होणार?" होतं, कारण तुम्ही पुस्तक वाचत नाही आहात, प्रश्नाचं उत्तर शोधताय.

मग बडोद्याचं कॅलेंडर त्यावर ठेवा. नवरात्राच्या नऊ रात्री या शहरात कुणी अभ्यास करत नाही, करतो म्हणणारा खोटं बोलतो. १४ आणि १५ जानेवारीला सगळे गच्चीवर असतात आणि बरीचशी दुकानंही बंद असतात. दांडिया बाजार, वाडी, रावपुरा भागात राहणाऱ्यांसाठी गणपतीचे दिवसही आलेच. असे दिवस हिशोबात *शून्य* धरा. "सकाळी थोडं करीन" असं लिहून ठेवलेला दिवस शून्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर बाकीचं सगळं पुढं सरकतं.

तपासणी: शून्य दिवस वजा केल्यावर सहापेक्षा कमी दिवस उरतात का? तर वाचन दोन दिवसांवर आणा. लिहिण्याचे दिवस कापू नका.

## टप्पा ३: गेमची वेळ आधी ठरवा, अभ्यासाची नंतर

हा क्रम वाचून दचकू नका. अभ्यासाची वेळ आधी ठरवली की गेम चोरून खेळला जातो, आणि चोरून खेळलेला गेम कधीच वेळेत संपत नाही.

1. दोन मॅचची जागा ठरवा. सुरुवातीला मोजलेला आकडा घ्या. मॅच पस्तीस मिनिटांची असेल तर दोन मॅच म्हणजे सत्तर, लॉबीतला आणि गप्पांचा वेळ धरून दीड तास. रोज रात्री साडेनऊ ते अकरा, असं लिहून टाका.

2. सुरू करण्याची शेवटची वेळ ठरवा. अकराला थांबायचं असेल तर "अकराला थांबेन" हा नियम निरुपयोगी आहे. मॅच अर्ध्यात सोडली तर गुण जातात, स्क्वॉड शिव्या देतो, म्हणून कुणी सोडत नाही. "दहा पंचवीसनंतर नवी मॅच नाही" हा नियम पाळता येतो.

3. स्क्वॉडला सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. खेळायला ओढून नेणारा बहुतेक वेळा गेम नसतो, "ये ना, एक जण कमी आहे" असा मेसेज असतो. ग्रुपवर सरळ टाका: "वीस तारखेपर्यंत साडेनऊलाच येईन, आधी बोलवू नका." एकदा लिहिलं की रोज नाही म्हणावं लागत नाही.

4. सूचना बंद करा. डेली मिशन, इव्हेंट, सीझन संपत आला वगैरे नोटिफिकेशन तुम्हाला दुपारी साडेतीनला बोलावण्यासाठीच बनवलेली असतात. दहा दिवस बंद ठेवल्यानं एखादं बक्षीस बुडेल. बुडू द्या.

5. फोनमधलं कुलूप लावा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते, आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये. आयफोनचा पासकोड स्वतः न ठेवता भावंडाला ठेवायला द्या. दोन्हीकडची मर्यादा मध्यरात्री नव्यानं सुरू होते, म्हणजे रात्री बाराला गेम पुन्हा उघडतो. त्यासाठी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपणं हाच उपाय.

सावधान: गेम अनइन्स्टॉल करण्याची शपथ घेऊ नका. तिसऱ्या रात्री तो परत डाउनलोड होतो, डाउनलोड होईपर्यंत तासभर नुसतं पडद्याकडे बघण्यात जातो, आणि वर 'एवढं झालंच आहे तर' म्हणून पहाटेपर्यंत खेळणं होतं. अनइन्स्टॉल फक्त एका परिस्थितीत करा: शेवटचे तीन दिवस उरलेत आणि एक शब्दही लिहिलेला नाही.

इतिहासाच्या मुलांचं एक खास निमित्त असतं: "मी एज ऑफ एम्पायर्स खेळतो, तो अभ्यासच आहे." नाही. आवड लागायला त्याचा उपयोग होत असेल, पण तुमच्या प्रश्नातली एकही ओळ त्यातून लिहून होणार नाही. शिवाय मोठ्या स्ट्रॅटेजी गेमना मॅच संपण्याची वेळच नसते, अजून एक चाल, मग अजून एक. हे गेम दहा दिवस बाजूला ठेवा आणि ठरावीक वेळेत संपणारे खेळा.

आणि एक गोष्ट गांभीर्यानं. खेळणं थांबवताच येत नाही, झोप, कॉलेज, घरच्यांशी बोलणं सगळं मागं पडलंय, नुकसान दिसत असूनही हेच चालू आहे, आणि हे कित्येक महिन्यांपासून आहे, तर ही वेळापत्रकाची अडचण राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात याची नोंद आहे. मानसोपचार तज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे.

## टप्पा ४: चार साधनं, पाचवं नाही

चार कप्पे करा आणि प्रत्येकात एकच पुस्तक किंवा लेख ठेवा.

*पहिला*, सगळा घटनाक्रम सांगणारं एक साधं पुस्तक. *दुसरा*, त्या काळातलं मूळ साधन. आपल्या उदाहरणात जाहीरनाम्याचा मजकूर किंवा कमिशनपुढच्या साक्षी. हे सगळं १८७५ च्या सुमारास इंग्रजीत छापलं गेलं होतं, आणि अशी जुनी छापील पुस्तकं आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन करून ठेवलेली सापडतात. *तिसरा*, पहिल्याशी न पटणारं काही. उदाहरणार्थ, मुंबई सरकार आणि कलकत्त्याचं हिंदुस्थान सरकार यांच्यातल्या ओढाताणीवर बोट ठेवणारा एखादा संशोधन लेख. *चौथा*, मल्हाररावांची किंवा दरबाराची बाजू मांडणारं, मराठी किंवा गुजराती.

पुस्तकांसाठी विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीजवळची मध्यवर्ती लायब्ररी एवढ्या दोन जागा पुरेत. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर मध्यवर्ती लायब्ररीत आधी बघा. जाताना यादी घेऊन जा आणि लायब्ररीयनला विषय सांगा, नुसतं पुस्तकाचं नाव नको. कपाटांमधून हिंडत बसलात की दुपार जाते आणि हातात भलतंच पुस्तक असतं.

पुस्तक हातात आलं की शेवटून उघडा. सूचीत मल्हारराव, फेअर, मीड, नॉर्थब्रुक शोधा, ती पानं वाचा, आवश्यक तेवढी झेरॉक्स काढा, पुस्तक परत करा. घरी आणलेलं जाड पुस्तक वाचून झाल्याचं खोटं समाधान देतं.

सावधान, मराठी घरांसाठी: बडोद्याच्या दप्तरात मोडीतले कागद आहेत हे तुम्हाला माहीत आहे, आणि आजोबांना मोडी येते हेही. सेमिस्टरच्या निबंधासाठी त्या वाटेला जाऊ नका. परवानगी, शोध, वाचन यातच सत्र संपेल. एम.ए.च्या प्रबंधासाठी तो बेत राखून ठेवा.

तपासणी: चारही कप्प्यांत काही ना काही आहे का? तिसरा रिकामा असेल तर "चिकित्सा" होणार नाही, फक्त हकिगत होईल.

## टप्पा ५: टिपणं, एका कागदावर एकच मुद्दा

वहीत सलग टिपणं काढली की नंतर ती हलवता येत नाहीत. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर वर पुस्तकाचं नाव आणि *पान क्रमांक*, मध्ये मुद्दा तुमच्या शब्दांत, खाली एक ओळ: "हे माझ्या उत्तराला आधार देतं / विरोध करतं / काहीच करत नाही."

काहीच करत नसेल तर तुकडा फेकून द्या. हात जड होतो, पण फेका.

जसंच्या तसं वाक्य उतरवलं असेल तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथं घाला. चार दिवसांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं आणि निबंधात चोरी म्हणून सापडतं. मुद्दाम केलेल्या नकलेपेक्षा अशी विसरून झालेली नक्कलच जास्त आढळते.

एआयकडून सारांश घ्यायचा असेल तर घ्या, पण त्यानं दिलेलं पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, अवतरण, काहीही पुस्तक प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय तुकड्यावर लिहू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं तो फार आत्मविश्वासानं सांगतो, आणि तुमच्या मॅडमनी या विषयावरची खरी पुस्तकं वाचलेली असतात.

रोजचा हिशोब: दोन तासांत आठ-दहा चांगले तुकडे. तीन दिवसांत पंचवीस झाले की वाचन थांबवा. नवीन काही सापडेल असं वाटत राहणारच.

## टप्पा ६: जमिनीवर आराखडा

तुकडे जमिनीवर पसरा, पंखा बंद करा. एकमेकांशी बोलणारे तुकडे जवळ आणा. पाच ढीग व्हायला हवेत. आपल्या उदाहरणात ते साधारण असे होतील:

1. १८७३ चं कमिशन आणि डिसेंबर १८७५ ची मुदत: तक्रारी जुन्या होत्या हे इथं दाखवायचं.
2. फेअर, दादाभाई आणि दरबार यांची त्रिकोणी ओढाताण. फेअर यांना बदलावं म्हणून मल्हाररावांनी व्हाइसरॉयना पाठवलेला खलिता विषप्रकरणाच्या अगदी आधीचा आहे. तो इथं येतो.
3. विषाचा आरोप, सहा जणांचं कमिशन, तीन विरुद्ध तीन.
4. जाहीरनामा काय म्हणतो आणि काय म्हणायचं टाळतो.
5. मग एप्रिलच का: तुमचं मत.

प्रत्येक ढिगावर एक पूर्ण वाक्य लिहून चिकटवा. शब्द नको, वाक्य. "विषप्रकरण" हे शीर्षक झालं. "कमिशनमध्ये मतं समान फुटल्यानं सरकारला विषप्रयोग हे कारण उघडपणे वापरता येईना" हा मुद्दा झाला.

तपासणी: ती पाच वाक्यं ओळीनं वाचा. त्यातूनच निबंधाचा सारांश निघत असेल तर लिहायला बसा. दुसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल करूनही फरक पडत नसेल, तर युक्तिवाद नाही, यादी आहे. पुन्हा मांडा.

## टप्पा ७: मधले परिच्छेद आधी

प्रस्तावनेपासून सुरुवात करणाऱ्यांची पहिली संध्याकाळ "प्राचीन काळापासून भारतात" या ओळीवर जाते. तुम्ही तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू करा, कारण तिथं घटना आहेत आणि हात लवकर चालतो. मग पहिला, दुसरा, चौथा. पाचवा सगळ्यात शेवटी.

एका परिच्छेदाला साधारण अडीचशे शब्द. पहिलं वाक्य म्हणजे ढिगावरची चिठ्ठी, मग दोन-तीन तुकड्यांतला पुरावा, मग "यावरून काय दिसतं" याची दोन वाक्यं. ही शेवटची दोन वाक्यंच बहुतेक जण विसरतात. पुरावा ठेवायचा आणि पुढं पळायचं अशी सवय असते. तपासणाऱ्याला वाटतं, बरं, मग?

बसण्याची पद्धत: पंचेचाळीस मिनिटं, फोन बाहेरच्या खोलीत, एक परिच्छेद. मग पंधरा मिनिटं चहा. या पंधरा मिनिटांत गेम नको, कारण तुमची मॅच पंधरा मिनिटांची नाही, हे तुम्ही स्वतः मोजलंय. अशा दोन बैठका रात्री साडेनऊच्या आत झाल्या की मॅच तुमची. झाल्या नाहीत तर त्या रात्रीची एक मॅच कमी करा, दोन्ही नको. दोन्ही कापल्या की दुसऱ्या दिवशी वसुली होते.

उठण्याआधी: पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य *अर्धं* लिहून ठेवा. "जाहीरनाम्यात विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचं कारण दिलं गेलं, कारण…" एवढं. दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्नच उरत नाही, नुसतं वाक्य पुरं करायचं असतं. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

लिहिताना स्पेलिंग, योग्य शब्द, तारीख आठवत नसेल तर कंसात फुली मारून पुढं जा. ब्राउझर उघडू नका. तारीख शोधायला उघडलेला ब्राउझर गेमच्या स्ट्रीमवर बंद होतो.

## टप्पा ८: प्रस्तावना, समारोप, संदर्भ

प्रस्तावना दीडशे शब्दांत: प्रश्नातलं विधान काय आहे, त्यात अडचण कुठं आहे, तुमचं उत्तर काय. पहिल्या दिवशी लिहिलेल्या दोन ओळी काढा, आता बदललेल्या असतील, त्या दुरुस्त करून इथं ठेवा. समारोप शंभर शब्दांचा पुरे. त्यात नवीन माहिती नको, आणि "सयाजीरावांच्या रूपानं बडोद्याला सुवर्णकाळ लाभला" हेही नको. प्रश्न तो नव्हता.

संदर्भ तुकड्यांवरून थेट उतरतात. पान क्रमांक लिहिले असतील तर अर्धा तास, नसतील तर पुन्हा लायब्ररी.

नंतर निबंध मोठ्यानं वाचा. घरी लाज वाटत असेल तर कमाटीबागेत जाऊन वाचा. जिथं श्वास अडकतो तिथं वाक्य तोडा. विशेषतः माणसं आणि पदं तपासा: मीड यांचं १८७३ चं कमिशन आणि १८७५ चं विषप्रकरणाचं कमिशन ही दोन वेगळी आहेत. मीड दोन्हींत होते, म्हणून घोटाळा होतो. दुसऱ्याचे अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच होते.

## टप्पा ९: सबमिशन

प्रिंट आदल्या दिवशी काढा. फतेगंजातल्या झेरॉक्सच्या दुकानांत सबमिशनच्या सकाळी रांग असते आणि नेमका तेव्हाच प्रिंटर अडकतो. फाइल पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर, दोन्हीकडे ठेवा. पीडीएफ करूनच न्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर गुजराती किंवा देवनागरी फाँट नसला तर पानभर चौकोन उमटतात. जमा केल्यावर नोंदवहीत सही होते ती स्वतः पाहा. ऑनलाइन असेल तर पोचल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

## एकच रात्र उरली असेल तर

हे सगळं वाचताय तीच सबमिशनची आदली रात्र असण्याची शक्यता बरीच आहे. तर क्रम असा.

गेम आज काढून टाका. हीच ती वर म्हटलेली परिस्थिती. सात ते आठ: प्रश्न फोडा आणि घटनाक्रम लिहा. आठ ते साडेनऊ: दोनच साधनं, एक हकिगतीचं आणि एक न पटणारं, पान क्रमांकासकट. साडेनऊ ते दहा: तीन ढीग, पाच नाही. दहा ते एक: तीन परिच्छेद, मग प्रस्तावना. मग झोपा. सकाळी सहाला उठून मोठ्यानं वाचा आणि संदर्भ लावा. हजार-अकराशे शब्द होतील. मर्यादेपेक्षा कमी शब्दांचा, पण प्रश्नाचं उत्तर देणारा निबंध, इकडून तिकडून उचललेल्या पंधराशे शब्दांपेक्षा जास्त मार्क घेतो.

तेही जमत नसेल तर मुदत *संपण्याआधी* लिहा, नंतर नाही. आजारपणाची गोष्ट रचू नका. इतका मजकूर पुरतो: "नमस्कार मॅडम, माझी मल्हारराव गायकवाडांवरची असाइनमेंट उद्या पूर्ण होणार नाही. आराखडा आणि दोन परिच्छेद तयार आहेत, सोबत जोडले आहेत. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत पूर्ण करून देईन. उशिराचे मार्क कापले जातील याची कल्पना आहे." सोबत जे झालंय ते खरंच जोडा. काहीच झालेलं नसेल तर आधी तिसरा परिच्छेद लिहा, मग मेल पाठवा.